ल्यूपस : शरीराचा शरीराशी कलह

लॅटिन भाषेत 'ल्यूपस' म्हणजे लांडगा. चेहऱ्याची कातडी लांडग्याने कुरतडल्यासारखी दिसावी अशा काही रोगांना मध्ययुगीन युरोपातील वैद्यांनी हे नाव दिले. बिचाऱ्या लांडग्याचा यात काडीमात्र दोष नाही. पण नाव चिकटले ते चिकटलेच. हा रोग केवळ कातडीपुरता नसून शरीराच्या आतील इंद्रियांनाही ग्रासतो, हे व्हिएन्नाच्या कापोसी या वैद्याने १८७२ साली दाखवून दिले.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी झुंजणारी एक यंत्रणा असते. आपले कोण व परके कोण, हे तिला ओळखता येते. ल्यूपसमध्ये ही ओळखच बिघडते. जंतूंवर सोडावयाची प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींवर, विशेषतः पेशींच्या केंद्रावर, सोडली जातात. राखणदारानेच घरच्या माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार होय. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात व त्यांतील बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो.

हा रोग बहुरूप्यासारखा वेष पालटतो. सांधे दुखले की संधिवात म्हणावे. ताप रेंगाळला, केस गळू लागले, थकवा जाईना, की अशक्तपणा म्हणावे. असे महिनेच्या महिने जातात. नाक व दोन्ही गाल व्यापणारा, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तांबडा चट्टा ही त्याची प्रसिद्ध खूण खरी, पण ती सुमारे निम्म्याच रोग्यांत दिसते. मूत्रपिंडांचा दाह तर दुखतही नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत पुष्कळ हानी झालेली असते. लघवीची एक साधी तपासणी मात्र तो आधीच उघड करू शकते.

अमेरिकेतील कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर हिचे उदाहरण पाहा. तिचे वडील १९४१ साली याच रोगाने वारले होते. १९५० च्या अखेरीस तिचे हात जड पडू लागले, तेव्हा प्रथम संधिवातच समजला गेला. पुढे निदान झाले, तरी आईने ते तिच्यापासून लपविले. १९५२ साली एका मैत्रिणीकडून तिला खरे नाव कळले. कुबड्यांवर चालत तिने लेखन सुरूच ठेवले व १९६४ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती निवर्तली.

त्या काळी निम्मे रोगी पाच वर्षेही जगत नसत. आज योग्य उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक ती मर्यादा ओलांडतात. यातील एक मुख्य औषध मूळचे हिवतापाचे आहे! पेन या इंग्रज वैद्याने १८९४ साली क्विनीन देऊन पाहिले होते. आज त्याच जातीचे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वापरतात. रोग मुळापासून जात नाही, पण आवरता येतो.

आणखी एक गोष्ट वाचकांनी घरी जरूर सांगावी. हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात निजल्याने तो लागत नाही. गालावर चट्टा असलेल्या मुलीला कोणी दूर बसवू नये. वैद्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या रोगी स्त्रियांना संसार व मुलेबाळेही होतात.

ऊन लागले की हा रोग उफाळतो. आता २००४ सालापासून १० मे हा जागतिक ल्यूपस दिन म्हणून पाळला जातो; आपल्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो, तेव्हा त्या दिवशीच्या प्रभातफेरीत रोग्याने छत्रीवाचून निघू नये.