ओव्हरटाइम बंद झाला की: काय करावे, काय टाळावे

ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. आकडा छापून येईपर्यंत भोसरी-चाकणच्या पट्ट्यात त्याची झळ कधीच पोचली होती. आधी रविवारचं ओटी गेलं, मग तिसरी पाळी, मग नोटीस बोर्डावर ‘ब्लॉक क्लोजर’चा, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवण्याचा कागद. कंत्राटी पोरांना तर कागदही मिळत नाही, ठेकेदाराचा फोन येतो. आयटीत हीच गोष्ट बेंच, कापलेला व्हेरिएबल पे आणि ‘पीआयपी’ (कामगिरी सुधारण्याची मुदत) या नावांनी घडते. पगार थांबल्याने घर लगेच मोडत नाही, कारण बहुतेक घरं महिना-दोन महिने कशीबशी निघतात. मोडतं ते त्या दोन महिन्यांत घाबरून केलेल्या सह्यांनी आणि लाजेपोटी घेतलेल्या कर्जाने. म्हणून खालची यादी बचतीच्या युक्त्यांची कमी आणि सह्यांची जास्त आहे.

नोकरी शाबूत आहे तोवर

करा: पगारपत्रक घेऊन बसा आणि पक्का पगार किती ते काढा. उदाहरणार्थ, मूळ पगार आणि डीए १६,०००, भत्ते ७,०००, ओटी ८,०००, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह ३,०००. हातात येतात ३४,००० आणि घराचा, गाडीचा हप्ता ठरतो तो याच ३४,००० वर. ओटी आणि इन्सेंटिव्ह गेलं की राहतात २३,०००. कायद्याने ‘ले-ऑफ’ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर भरपाई मूळ पगार आणि डीएच्या निम्मी, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त आठ हजार. साप्ताहिक सुट्टीचे दिवस त्यातूनही वजा. तीही ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्याला आणि बदली किंवा हंगामी नसलेल्याला. ३४,००० आणि ८,००० यांच्या मधली दरी आज कागदावर बघितलेली बरी. ब्लॉक क्लोजरचा पगार मात्र पुष्कळदा युनियनच्या करारात वेगळा ठरलेला असतो. करार मागून वाचा, कँटीनमधल्या चर्चेवर जाऊ नका.

करा: किमान चार महिन्यांचा किराणा, भाडं, हप्ते आणि शाळेची फी एवढी रोकड वेगळ्या खात्यात ठेवा. म्युच्युअल फंडातली रक्कम यात धरू नका. मंदी आणि शेअर बाजाराची पडझड बऱ्याचदा एकाच गाडीने येतात. २०२० च्या जानेवारीत ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. नोव्हेंबरमध्ये तो ४२ हजारांवर परतला खरा, पण ज्याला एप्रिलची फी भरायची होती त्याने तळाशीच विकलं.

करा: कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतःच्या नावाने घ्या. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण नोकरी सुटण्याआधीच ती मागावी लागते. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर आठवून उपयोग नाही. घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर हे काम याच महिन्यात करा, कारण नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

टाळा: सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवणं. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून परवाना रद्द होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत ताटकळले. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अर्धा टक्का जास्त व्याज देणाऱ्या संचालकाची ओळख कितीही जुनी असो, हे बदलत नाही.

टाळा: कुणाला जामीन राहणं. मेहुण्याला असो की लाइनवरच्या मित्राला. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते, आणि पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की वसुलीची पहिली नजर ज्याचा पगार चालू आहे त्याच्यावर जाते. नाही म्हटल्याने दिवाळीपुरता अबोला होईल. होऊ द्या.

एचआरने बोलावलं तर

टाळा: त्याच खुर्चीत बसून राजीनाम्यावर सही करणं. या यादीतली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ‘राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील’ हे वाक्य फार गोड आवाजात सांगितलं जातं. राजीनामा म्हणजे तुम्ही आपणहून गेलात. कपात म्हणजे कंपनीने काढलं, आणि कपातीत वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. बारा वर्षं काढलेल्या माणसाचा तो सहा महिन्यांचा पगार झाला. एका सहीत तो जातो. ‘घरी विचारतो, उद्या येतो’ एवढं म्हणायला कुणी अडवू शकत नाही. कागदाचा फोटो मागा; देत नसतील तर काय लिहिलंय ते बाहेर येऊन लगेच स्वतःच्या ईमेलवर तारखेसह लिहून ठेवा.

यात एक अडचण आहे. हे संरक्षण कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला, म्हणजे पुष्कळ आयटीवाल्यांना, नियुक्तिपत्रात लिहिलेला नोटीस पीरियडच मुख्य आधार असतो. पण हुद्द्याच्या नावावरून व्याख्या ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं म्हणून गप्प बसू नका, कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा विचारा.

करा: फुल अँड फायनलचा हिशेब लेखी मागा. त्यात उरलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे, बोनस आणि ग्रॅच्युइटी या चारही रकमा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. ग्रॅच्युइटी स्वतः मोजता येते: शेवटचा मूळ पगार आणि डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. वरच्या उदाहरणातल्या १६,००० वर बारा वर्षांचे होतात सुमारे १ लाख १० हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काढलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. ‘पंचेचाळीस दिवस लागतील, आमची पॉलिसी आहे’ असं उत्तर आलं तर हे ईमेलमध्ये नमूद करून पुन्हा विचारा.

करा: ईएसआयसीचं कार्ड असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. बेरोजगारीत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा ती आज चालू आहे का ते शाखेत विचारून घ्या. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही. सहीचं महत्त्व इथेही येतं.

टाळा: कंपनीच्या लॅपटॉपवर आणि कंपनीच्या मेलवर पगारपत्रकं, अप्रेझल, करार राहू देणं. अॅक्सेस दुपारी बंद होतो, दोन ओळींच्या मेलने.

हातात रक्कम आल्यावर

टाळा: आलेल्या पैशात लगेच धंदा. नोकरी गेलेल्या माणसाकडे चार-सहा लाख आलेत ही बातमी सोसायटीत कशी पसरते कोण जाणे, पण फ्रँचायझीवाले आणि साखळीवाले बरोबर दारात येतात. २०१९ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण उघडकीस आलं आणि राज्यभरातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच घेतो, असं ज्यात असतं तिथे खरा ग्राहक कोण हे आधी विचारा. वडापावची गाडी टाकायची असेल तर आधी दुसऱ्याच्या गाडीवर पंधरा दिवस राबा.

टाळा: मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग. ‘घरी बसल्या रोजचे दोन हजार’ हे स्वप्न बेकारीत फार खरं वाटतं. सेबीने २०२४ मध्ये हिशेब मांडला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. यावर जास्त लिहायची गरज नाही.

करा: पीएफला हात लावण्याआधी तीनदा थांबा. गेल्या काही वर्षांत व्याज ८ टक्क्यांच्या आसपास राहिलंय. ८.२५ टक्क्यांनी आजचे दोन लाख वीस वर्षांत पावणेदहा लाखांच्या घरात जातात. पाच वर्षांची सलग सेवा नसताना स्वतःहून नोकरी सोडून रक्कम काढली तर करही लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने असं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेली रक्कम बारा महिन्यांनी. तेव्हा गरज पडलीच तर वाट आहे, पण ती शेवटची समजा.

टाळा: पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेणं. सायबर कॅफेवाला फॉर्म भरताना दोन्हींवर टिक करतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सात वर्षांवर पैसे काढलेत तर पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, जुनी सात वर्षं नव्या सेवेत धरली जातात.

हप्ते

करा: हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. चुकल्यानंतर जाणारा माणूस थकबाकीदार असतो, आधी जाणारा ग्राहक. दरमहा किती भरता येईल तो आकडा स्वतः ठरवून न्या आणि मुदत वाढवून हप्ता कमी करायला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

टाळा: स्थगिती म्हणजे माफी समजणं. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला हप्तेस्थगिती जाहीर केली, ती वाढत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. पैसे हातात असूनही अनेकांनी ती घेतली, व्याज चालूच राहणार हे ठाऊक नसताना. हिशेब बघा. २५ लाखांचं नवं गृहकर्ज, ८.५ टक्के, वीस वर्षं, हप्ता सुमारे २१,७००. सुरुवातीचे सहा हप्ते थांबवले तर मुद्दल २६ लाखांच्या पुढे जातं आणि हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. सहा वाचवले, तीस वाढले. घरात खरोखरच पैसा नसेल तर स्थगिती घ्याच. असेल तर नाही.

टाळा: क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’ भरत राहणं. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. पन्नास हजारांच्या थकबाकीवर अडीच हजार भरलेत तर १,७५० व्याजातच जातात.

करा: कार्ड आणि अॅपवरची कर्जं फेडायला घरातलं सोनं बँकेत तारण ठेवा. ‘स्त्रीधन गहाण टाकलं’ म्हणून नातेवाईक नाक मुरडतील, पण सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या निम्म्याहूनही कमी पडतं. मुदतीची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहा, आणि ज्यांचे दागिने आहेत त्यांना विचारून ठेवा, गुपचूप नाही.

करा: वसुलीचे फोन नोंदवा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. शेजाऱ्यांना, सासरी फोन करून बदनामी करणंही नियमाबाहेर. तक्रार आधी बँकेकडे. तीस दिवसांत दखल नाही घेतली तर लोकपालाकडे.

घरात आणि बाहेर

टाळा: रोज डबा घेऊन घराबाहेर पडून बागेत बसणं. असं करणारे आहेत. घरच्यांना कळत नाही तोवर खर्च जुन्याच चालीने होत राहतो, आणि कळतं ते बँकेच्या पत्रातून. बायकोला पहिल्या संध्याकाळी सांगा, कळत्या मुलांना त्या आठवड्यात.

करा: शाळेला फीचे हप्ते पाडून मागा. क्लास बंद करायचा असेल तर कुठला ते मुलालाच ठरवू द्या.

टाळा: नोकरीसाठी कुणालाही आगाऊ पैसे देणं. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘युनिफॉर्मचे’, ‘फाइल पुढे सरकवायचे’, कशाचेही.

करा: कमी पगाराचं काम आलं तर घ्या, पण कामाची जात बघून. व्हीएमसी मशीनच्या ऑपरेटरने वीस टक्के कमी घेऊन व्हीएमसीवरच उभं राहावं. हात चालू राहतो आणि मागणी फिरली की तोच माणूस आधी आठवतो. तेवढ्याच पैशात डिलिव्हरीचं काम वर्षभर केलं तर पेट्रोल आणि गाडीची झीज वजा जाता हातात काय उरतं ते एकदा लिहून बघा. काही घरांना तरीही तेच करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. फक्त अपघात विमा काढून मगच हेल्मेट चढवा.

करा: नवी नोकरी लागली की जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर तुमची ‘डेट ऑफ एक्झिट’ टाकली आहे का ते पहिल्याच आठवड्यात तपासा. ती नसेल तर जुना पीएफ नव्या खात्यात वळवताना अडतो. दोन महिने उलटूनही त्यांनी टाकली नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ती तुम्हीच भरू शकता.