गजस्नान आणि अनुतापतीर्थ

परमार्थाच्या वाटेला लागलेल्या माणसापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. नाम घेतो, एकादशी धरतो, वारी चुकवीत नाही. पण तेच पाप हातून पुनःपुन्हा घडते. मग माझ्या पश्चात्तापाला अर्थ तो काय? हा प्रश्न कोणी रडत विचारतो, कोणी हसत विचारतो. दोघांना एकच उत्तर देऊन भागत नाही.

प्रश्न मात्र जुना आहे. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधाच्या पहिल्याच अध्यायात परीक्षिती राजाने तो शुकाचार्यांना विचारला. राजाचे आयुष्य सात दिवसांचे उरले होते. त्याला शब्दांचा खेळ नको होता. नरक चुकवायचा तर मरणापूर्वी प्रायश्चित्त करावे, असे शुकाचार्यांनी सांगताच तो म्हणाला की, महाराज, पाप वाईट हे डोळ्यांना दिसते, कानांनी ऐकलेले असते, तरी प्रायश्चित्त घेतलेला माणूस पुन्हा त्याच वाटेला जातो. तेव्हा हे सारे हत्तीच्या आंघोळीसारखेच नव्हे काय? हत्ती डोहात मनसोक्त डुंबतो, अंग स्वच्छ होते, आणि काठावर आला की सोंडेने धूळ घेऊन पाठीवर उडवतो. यालाच गजस्नान म्हणतात.

शुकाचार्यांनी राजाचे बोलणे खोडून काढले नाही, हे ध्यानात घ्यावे. ते म्हणाले, एका कर्माने दुसरे कर्म मुळासकट उपटले जात नाही, कारण करणाऱ्याचे अज्ञान तसेच राहते. खरे प्रायश्चित्त म्हणजे विचार. आणि केवळ भक्तीने तर पाप असे जाते, जसे सूर्य उगवला की धुके.

लगेच पुढे अजामिळाची कथा येते. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण, दासीच्या नादी लागला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत तसाच राहिला. मरणकाळी यमदूत दिसले तेव्हा घाबरून धाकट्या मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली, आणि विष्णुदूतांनी त्याला सोडवले. पुष्कळांच्या लेखी कथा इथेच संपते. "चला, आपलंही शेवटी एकदा नाव घेतलं की झालं!" असे म्हणून माणूस घरी जातो.

पण भागवतात कथा इथे संपत नाही. दूत निघून गेले, अजामिळ जिवंत राहिला. दोन्ही दूतांचा संवाद त्याने ऐकला होता. मग त्याला आठवले, म्हाताऱ्या आईबापांना आपण टाकले, पतिव्रता बायकोला सोडले. त्या आठवणीने तो पोळला. सगळे पाश तोडून तो गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारी गेला, उरलेले आयुष्य साधनेत घालवले आणि मग वैकुंठाला गेला. नामाने त्याला यमदूतांपासून सोडवले ते पुन्हा जुन्या घरात नांदायला नव्हे. हा उत्तरार्ध जो गाळतो, तो अजामिळाच्या नावावर स्वतःची सोय पाहतो. पद्मपुराणात जे दहा नामापराध सांगितले आहेत त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हाही एक आहे, तो एवढ्याचसाठी.

हसत विचारणाऱ्याचे झाले. आता रडत विचारणाऱ्याचे. त्याला पाप गोड वाटत नाही, पण सुटतही नाही. त्याच्यासाठी अकराव्या स्कंधाचा विसावा अध्याय आहे. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत जी टीका पूर्ण केली, ती याच स्कंधावर. तिथे भगवान उद्धवाला सांगतात की, विषय दुःखरूप आहेत हे कळते पण टाकण्याचे बळ नाही, अशा श्रद्धावंताने निश्चय ढळू न देता, प्रेमाने माझे भजन करीत राहावे. मात्र भोग घडला तरी त्याला चांगले म्हणू नये, त्याचा धिक्कारच करावा. पडणे वेगळे आणि पडण्याला आपले घर म्हणणे वेगळे.

हा पेच आपल्याच संप्रदायात आहे असेही नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथातील रोमकरांस पत्रात संत पौल सहाव्या अध्यायात अशीच शंका स्वतः काढतो: देवाची कृपा वाढावी म्हणून पापातच राहावे काय? आणि ठाम नकार देतो. पण लगेच सातव्या अध्यायात, जे करू नये तेच हातून घडते या तळमळीलाही तो वाचा देतो. एकाला दटावणी, दुसऱ्याला धीर. तिथेही औषधे दोन आहेत.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी मोठ्या दुराचाऱ्यालाही साधू मानावे असे सांगितले, पण का? तर त्याचा निश्चय नीट झाला म्हणून. त्यावर बोलताना माउलींनी अनुतापाला तीर्थ म्हटले आहे. त्यात न्हाऊन जो सर्वभावाने देवाकडे आला, त्याचे मागचे कोण विचारतो?

मग आपले स्नान कोणते, हत्तीचे की अनुतापतीर्थाचे? पारख अवघड नाही. अनुताप झालेला माणूस दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. तो शक्य तेवढी भरपाई करतो. खोटा आकडा मांडून कोणाचे पैसे घेतले असतील तर चंद्रभागेत बुडी मारून वही साफ होत नाही, ज्याचे त्याला परत द्यावे लागतात. आणि तो पापाची वाट टाळतो. दारू सुटावी असे वाटते तर गुत्त्यावरून जाणारा रस्ता आधी सोडावा. माळ खुंटीला अडकवायची, पिऊन यायचे आणि सकाळी पुन्हा गळ्यात घालायची, हे गजस्नानच झाले.

पण बाबांनो, पडलो म्हणून लाजेने माळ कायमची उतरून ठेवणे हा त्याहून मोठा घात. ज्याला धूळ लागली त्यालाच पाण्याची गरज असते. पडाल त्याच दिवशी उठा, देवापुढे खरे बोला, ज्याचे नुकसान केले त्याच्या दाराशी जा आणि नाम सोडू नका. येत्या एकादशीला प्रत्येकाने आपले एकच पाप निवडावे आणि त्याच्याकडे नेणारी एक वाट बंद करावी. बाकीचे पांडुरंग पाहून घेईल.

रामकृष्णहरि.