यंदा दहाच गुंठे टाक

अगं, काल तू "ताई, अर्धा एकर बरसीम टाकते" म्हणालीस आणि मी नुसतं हं हं केलं. इकडे घरात माणसं बसली होती ना. आता निवांत सांगते. बरसीम टाकच, पण यंदा दहा गुंठे. गाई दोनच आहेत तुझ्या, आणि विहीर मार्चमध्ये तळ दाखवते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बरसीम हे चाऱ्याचं पीक मूळचं इजिप्तचं, नाईलकाठचं. तिकडे कापसाच्या आधी एक-दोन कापण्या घेऊन रान मोकळं करायची जुनी रीत आहे. आपल्याकडे १९०४ च्या सुमाराला सिंधमध्ये आलं आणि पुढे पंजाबच्या कालव्यांवर रुळलं. म्हणजे थंडी आणि पाणी, दोन्ही हवं त्याला. उत्तरेत पाच-सहा कापण्या निघतात. आपल्याकडे ऊन लवकर तापतं, तू तीन-चारच धर. उन्हाळ्यातही हिरवं हवं असेल तर विहिरीजवळ लसूणघासाचे दोन वाफे कर. तो एकदा लावला की तीनेक वर्षं राहतो.

दिवाळीच्या आगेमागे पेर. दहा गुंठ्यांना तीन किलो बी पुरे. दुकानातलं बी लगेच विस्कटू नकोस हं, त्यात कासनी या तणाचं बी असतं. दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळव, बी ओत, ढवळ. कासनी वर तरंगेल, ती काढून टाक. मग बी साध्या पाण्यानं चांगलं दोन-तीनदा धू. मीठ राहिलं तर जिवाणू मरतील आणि पुढचा खटाटोप वाया. रायझोबियम जिवाणूंचं पाकीट घे, थंड गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळ, सावलीत सुकव. तुझ्या रानात हे पीक पहिल्यांदाच येतंय, म्हणून हे चुकवू नकोस. मुळांवर गाठी धरल्या की हवेतला नत्र आपोआप मिळतो, युरियाची गोणी वाचते. वाफ्यात पाणी भर आणि त्यातच बी फेक. सोबत मूठभर मोहरी टाक. पहिली कापणी विरळ येते, ती मोहरीनं भरते.

पन्नास-साठ दिवसांनी विळा लाव, पुढे महिन्याकाठी. जमिनीपासून चार बोटं सोडून काप, तरच फुटवा येतो.

आता खरं बोलायचं ते हे. पहिल्या वर्षी मी कौतुकानं सकाळीच दवातलं कोवळं बरसीम कापून गाईपुढे टाकलं. ती रात्रीची उपाशी. दुपारपर्यंत डावी कूस ढोलासारखी. वायू फेसात अडकतो, ढेकर निघत नाही. डॉक्टर वेळेवर आले, तेल पाजलं, म्हणून वाचली. मी दारात बसून रडत होते आणि सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून आधी कडबा कुट्टी, मग दव उडालेलं, थोडं सुकलेलं बरसीम, तेही कुट्टीत मिसळून. तूही तसंच कर, पहिले आठ दिवस तर अगदी थोडं थोडं.

सुक्या वजनात १७ ते २० टक्के प्रथिनं असतात त्यात, म्हणून पेंड थोडी कमी करता येते. एकदम बंद नको. दूध रोज वहीत लिही, आणि पेंडीचे किती वाचले तेही. ती वही तुझ्याकडेच ठेव, कपाटात.

बी मी इकडूनच घेऊन ठेवते. भाऊबीजेला येशील तेव्हा ने.