मोबाइलवरचा कोर्स पदवीत कसा धरतात?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘स्वयम्’वर तिने आयआयटीच्या प्राध्यापकांचा कोर्स लावलाय आणि याचे क्रेडिट डिग्रीत मिळणार, असं म्हणते. मोबाइलवर पाहिलेल्या व्याख्यानांचे मार्क विद्यापीठ कसे काय धरतं? आणि आयआयटीचे सर फुकटात शिकवत असतील, तर कॉलेजची फी आपण कशासाठी भरतो?
– एक पालक, सांगली

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय, फक्त अर्धंच सांगतेय. व्हिडिओ पाहिल्याचा एकही मार्क मिळत नाही. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘एनपीटेल’ हा उपक्रम आता ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर आहे. तिचा कोर्स त्यातला, असं धरून सांगतो. बारा आठवड्यांच्या कोर्सचे सहसा तीन क्रेडिट, आठ आठवड्यांच्याचे दोन. दर आठवड्याला ऑनलाइन असाइनमेंट असते. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरून त्यांना २५ गुण. उरलेले ७५ गुण शेवटच्या परीक्षेचे, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० मिळाले, तरच प्रमाणपत्र.

परीक्षेला एवढं वजन का, हे मुलीलाच विचारा, ती हसेल. असाइनमेंटची उत्तरं मुदत संपायच्या आधीच टेलिग्रामवर फिरत असतात. ती उतरवून पंचवीसपैकी चोवीस आणणारी मुलं प्रत्येक कॉलेजात सापडतील. केंद्रावर बसल्यावर मात्र ज्याचं त्यालाच लिहावं लागतं.

आता विद्यापीठाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१६ च्या नियमांत एका सत्रातल्या २० टक्के विषयांपर्यंत असे कोर्स धरायला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. पण कोणते कोर्स चालतील, हे ज्या त्या विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. इथेच बहुतेकांची गाडी अडते. मुलं आधी कोर्स करतात, चांगले मार्क मिळवतात आणि मग ऑफिसात जाऊन विचारतात. तिथे उत्तर मिळतं, “छान आहे, फाइलला लावून ठेव.” तेव्हा तिचा कोर्स मान्य यादीत आहे का, हे विभागप्रमुखांकडून आजच लेखी घ्या. यादीत असेल, तर त्याचे गुण गुणपत्रिकेतच येतात, वेगळं प्रमाणपत्र मिरवत बसावं लागत नाही. प्रात्यक्षिक असेल, तर ते कॉलेजने घ्यायचं आणि त्याचे गुणही कॉलेजनेच द्यायचे.

फीचा प्रश्न तुम्ही खोचकपणे विचारलाय, पण अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने तो पैसे घालून तपासून पाहिलाय. २०१२ मध्ये त्यांनी सर्किट्सच्या विषयासाठी एमआयटीचा मोफत ऑनलाइन कोर्स घेतला. मुलांनी व्याख्यानं घरी पाहायची आणि वर्गात आपल्याच प्राध्यापकांसमोर गटागटाने गणितं सोडवायची, अशी रीत ठेवली. आधी या विषयात दहातली साधारण चार मुलं अडकत असत, त्या वर्गातली ९१ टक्के पास झाली. लगेच २०१३ च्या सुरुवातीला त्याच विद्यापीठाने ‘उडॅसिटी’ या कंपनीबरोबर दीडशे डॉलरमध्ये बीजगणित, संख्याशास्त्र आणि पायाभूत गणिताचे पूर्ण ऑनलाइन कोर्स काढले. तिन्हींत जवळपास निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं नापास झाली आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळी तुकडीचे निकाल सुधारले खरे, पण तिच्यात आधीच पदवी घेतलेले बरेच जण होते. ज्यांना अभ्यासाची सवय लागलेली आहे, त्यांना व्हिडिओ पुरतो. गणितात आधीच मागे पडलेल्या पोराला शेजारी बसून “कुठे अडलास?” म्हणणारा माणूस लागतो.

यूजीसीच्या नियमांतही हा माणूस आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने एक शिक्षक नेमायचा आणि त्याने कोर्सभर मार्गदर्शन करायचं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्या शिक्षकाचं नाव कागदावर असतं आणि वेळापत्रकातल्या ‘स्वयम्’च्या तासाला वर्ग रिकामा असतो. कॉलेजं याला सोय म्हणतात, मला ती शुद्ध पळवाट वाटते. एक विषय शिकवायचा वाचला, एवढाच त्यांचा हिशोब. तुमच्या फीचा जाब विचारायचाच असेल, तर तो इथे विचारा : आमच्या मुलीचा मार्गदर्शक कोण, तो आठवड्यातून कधी भेटतो, आणि तो तास खरोखर होतो का?

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कोर्सला नाव घालणं फुकट असलं, तरी परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. शुल्क सध्या १,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत मिळते. केंद्राचा पर्यायही त्याच फॉर्ममध्ये द्यायचा असतो, तेव्हा सांगली किंवा कोल्हापूर उपलब्ध आहे का, ते पाहूनच तो भरा.