बंदुकीच्या नळीला खिळा का नाही?

चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवकाल येतो आणि मुलांचं लक्ष हमखास शस्त्रांकडे जातं. (काही पालकांना ते खटकतं. माझ्या मते प्रश्न चांगला असला की खटकायचं कारण नाही.) बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने एकेक बार उडवायची बंदूक किंवा तिचं चित्र दाखवा आणि विचारा : लोखंडी नळी लाकडी दस्त्यावर बसवली कशी?

बहुधा चामड्याच्या वादीने, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधून. खिळा मारला तर नळीला भोक पडेल, बार तिथूनच फुटेल, हे मुलं स्वतःच सांगतात. दुसरं कारण आपण त्यांच्याकडून काढून घ्यायचं. १ मीटर लोखंडी नळी १०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. लाकूड मात्र ओलीने फुगतं. पावसाळ्यात जुन्या वाड्याचं दार अडकतं ना, तसंच! म्हणून पकड घट्ट हवी, पण किंचित सरकायला वाव हवा. आजच्या नेमबाजीच्या कित्येक रायफलींत तर पुढचं लाकूड नळीला टेकूच देत नाहीत.

वर्गात पाइपचा तुकडा, लाकडी पट्टी आणि सुतळी द्या. भोक न पाडता बांधा म्हणावं.