डॉट ४ की डॉट ५?

प्रश्न : माझ्या १५० सीसीच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहे. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर ‘डॉट ४’ असं कोरलंय. आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरावा लागतो. दुकानदार म्हणतो, डॉट ५ घाला, आकडा मोठा म्हणजे माल भारी. घालू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. झाकणावर ४ आहे ना, मग ४च घाला.

डॉट म्हणजे टिंब नव्हे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याची ती आद्याक्षरं. ३, ४ आणि ५.१ हे तिघे एका कुळातले, ग्लायकॉल इथरचे. ५ मात्र सिलिकॉनचं. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. म्हणजे ५.१ हा ५चा धाकटा भाऊ वाटतो, पण आहे ४च्या घरातला. नावं ठेवणाऱ्याने जरा जास्तच गोंधळ घातला आहे.

आता घाटाचं. उतारावर ब्रेक धरून धरून कॅलिपर तापतो आणि ती उष्णता आतल्या ऑइलला लागते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी तशीच पुढे जाते. म्हणून प्रत्येक दर्जाला उत्कलनबिंदूची किमान मर्यादा ठरवून दिली आहे : ताज्या डॉट ३ला २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ला २३०, डॉट ५.१ला २६०.

पण हे आकडे ताज्या मालाचे. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. होजच्या रबरातूनसुद्धा ओल हळूहळू आत येते. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की हीच मर्यादा डॉट ३ला १४०, डॉट ४ला १५५ आणि ५.१ला १८० अंशांवर येते. म्हणजे दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेल्या डॉट ४पेक्षा नवं कोरं डॉट ३ घाटात जास्त टिकेल! तुमच्या कोकणच्या हवेत आकड्यापेक्षा तारीख महत्त्वाची. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. तुम्ही त्याहून लांबवू नका. बाटली सीलबंदच घ्या. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्धी उघडी पडलेली बाटली फुकट मिळाली तरी नको.

पाणी शोषणं हा दोषच, असंही नाही. सिलिकॉन पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी सुटं राहतं आणि सगळ्यात खाली, कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. तिथे ते गंज आणतं आणि १०० अंशांच्या आसपासच उकळतं.

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही वर तेच लिहिलं, पण ते तेल नाही. हा शब्द शब्दशः घेऊन डबीत इंजिन ऑइल ओतणारे महाभाग असतात. त्या तेलाने आतले रबराचे वायसर फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळंच उघडावं लागतं.

डॉट ४च्या जागी ५.१ चालतं, पण तुमच्या वापराला त्याची गरज दिसत नाही. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवलात तर ब्रेकचा अर्धा भार इंजिनच उचलेल. ऑइल बदलल्यावर लिव्हर मऊ लागला तर आत हवा राहिली आहे. मेकॅनिककडून पुन्हा हवा काढून घ्या. आणि टाकीवर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

दुकानात गेलात तर एवढं करा : ती बाटली हातात घेऊन लेबल नीट वाचा. सिलिकॉनचं डॉट ५ जांभळं असतं. आतला माल पिवळसर असेल तर ते बहुधा ५.१ निघेल, आणि मग दुकानदाराची चूक फक्त एका टिंबाची.