दाबीव काचेची ओळख

लखनौ आणि काच यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकातील सोनेरी नक्षीची हुक्क्याची काचपात्रे व गुलाबदाण्या अवधच्या वैभवाची साक्ष देतात. मुहम्मद अली शाह याने १८३८ मध्ये बांधविलेला हुसैनाबाद इमामबाडा तर हंड्या-झुंबरांसाठीच विख्यात आहे. ही झुंबरे बेल्जियमची म्हणून सांगितली जातात. या ख्यातीचा एक परिणाम असा की, जुनी, जड आणि नक्षीदार काच दिसली की ती सहजच ‘बेल्जियमची’ ठरते. नखास भागात रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एखादी वाटी किंवा फुलदाणी हाती आली, तर ती बेल्जियमची असेलच असे नाही. ती बोहेमियाची, इंग्लंडची किंवा उत्तर प्रदेशातच असलेल्या फिरोझाबादची असू शकेल. ती कोठली, हे ठरवावयाचे कसे?

प्रथम ती घडली कशी, हे पाहिले पाहिजे. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्याने दाबला म्हणजे दाबीव काच तयार होते. ही यंत्रपद्धती अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात विकसित झाली. चाकावर पैलू कोरण्याचे खर्चिक काम साच्याने एका दाबात साधले आणि मध्यम वर्गाच्या घरात नक्षीदार काच आली. साचा दोन किंवा अधिक भागांचा असल्याने त्यांच्या सांध्याची बारीक रेघ वस्तूवर उमटते. बाहेरची बाजू साच्याची नक्षी घेते. आतली बाजू मात्र दट्ट्यामुळे गुळगुळीत राहते. साच्यात फुंकून केलेल्या काचेत असे होत नाही. तेथे बाहेर उंचवटा असेल तेथे आत खोलगट भाग बोटाला लागतो. डोळ्यांच्या आधी बोटांनी केलेली ही परीक्षा संग्राहकाचा पहिला पाठ होय.

उत्तर बोहेमियातील टेप्लित्से शहराच्या परिसरात दाबीव काचेचे अनेक कारखाने होते. त्यांपैकी योसेफ इनवाल्ड यांचा रुडॉल्फोवा हुत् आणि रिंड्सकोप्फ यांचे कारखाने विशेष प्रसिद्धी पावले. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र जन्माला आले व १९९२ च्या अखेरीस त्याचे विभाजन झाले. म्हणून त्या देशाचे नाव असलेला शिक्का वस्तूवर आढळला, तर तिचा काळ या दोन वर्षांच्या दरम्यान येतो. मात्र कागदी चिठ्ठी धुऊन जाते, आणि बहुसंख्य वस्तूंवर कोणतीच खूण नसते. मग नक्षीकडे वळावे लागते.

नक्षी ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे कारखान्यांच्या जुन्या सूचिपुस्तिका. त्यांत आकार, मापे व क्रमांक दिलेले असतात. नक्षी ‘साधारण तशीच’ असणे पुरेसे नाही. पैलूंची संख्या, काठाचा घाट, तळावरील तारा आणि वस्तूची उंची ही सर्व जुळली पाहिजेत. तरीही नक्षी हा अंतिम पुरावा नव्हे. इनवाल्डच्या कारखान्याची, कोरीव काचेची आठवण देणारी ‘लॉर्ड’ ही नक्षी इंग्लंडमध्ये ‘जॅकोबियन’ या नावाने विकली जाई. एका लंडनस्थित व्यापारी संस्थेने १९२३ मध्ये तिची तेथे नोंदणी केली. पुढे हीच नक्षी इंग्लंडमधील डेव्हिडसन कारखान्यातही घडू लागली. म्हणजे काचेत उमटलेला नोंदणी क्रमांक नक्षी कोणाच्या नावे होती एवढेच सांगतो. ती वस्तू कोणत्या भट्टीतून निघाली, हे त्यावरून कळत नाही.

काळाबाबतही हीच दक्षता हवी. साचे टिकाऊ असतात आणि ते दशकानुदशके वापरले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६५ मध्ये अनेक कारखाने ‘स्क्लो युनियन’ या संस्थेत एकत्र आले. फ्रँतिशेक वीझ्नेर, रुडॉल्फ युर्निक्ल यांच्यासारख्या कलावंतांनी तिच्यासाठी जाड भिंतींच्या, ठळक उठावाच्या फुलदाण्या आखल्या. त्या आज आवडीने जमविल्या जातात. परंतु आराखड्याचे वर्ष हे वस्तूचे वर्ष नव्हे.

आता पुन्हा उत्तर प्रदेशाकडे यावे. छदामीलाल जैन यांनी १९२८ मध्ये फिरोझाबाद येथे जैन ग्लास वर्क्स स्थापन केला. तप्त काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारला असता जी इंद्रधनुषी झाक येते, ती या कारखान्याच्या फुलदाण्यांवर व पेल्यांवर दिसते. मासा, हत्ती, मनुष्याचा हात असे आकार त्यांत आढळतात. यांपैकी अनेक फुलदाण्या पातळ व हलक्या असून साच्यात फुंकलेल्या आहेत. आत बोट फिरविताच ते कळते. काही वस्तूंवर ‘जैन’ हे नाव रोमन अक्षरांत उठविलेले असते. ते तळाशी असले, तर पाहणाऱ्याने वस्तू उलटी केली तरच दिसते.

म्हणून क्रम असा असावा: आधी आतली बाजू, मग सांधा, मग तळ व काठ यांवरील घासल्याच्या खुणा, त्यानंतर माप, आणि शेवटी सूचिपुस्तिकेतील नक्षी. जेथे पुरावा संपतो, तेथे चिठ्ठीवर ‘निर्माता अज्ञात’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावाने खरेदीदाराचे पैसे जातात, हे खरे. परंतु त्याहून मोठी हानी दुसरीच आहे. फिरोझाबादच्या भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या कारागिराचे काम परदेशी नावाखाली लपते आणि टेप्लित्सेच्या कारागिराचे श्रेय बेल्जियमच्या खाती जमा होते. काच आपल्या जन्माची खूण अंगावर बाळगून असते. ती नीट वाचणे हेच संग्राहकाचे कर्तव्य होय.